बैठकीतला कापूस

आमच्या अकोटच्या घरात सगळ्यात चांगली खोली कापसाची होती, माणसांची नव्हे. वेचणी सुरू झाली की बैठकीचा मागचा अर्धा भाग रिकामा व्हायचा आणि तिथं शेतातून आलेला कापूस पडायला लागायचा. आधी गुडघ्याएवढा, मग कमरेएवढा, मग पार खिडकीच्या वर. भाव चढला की विकायचा, तोवर तो घरचाच एक माणूस. उरलेल्या अर्ध्या बैठकीत आम्ही. बाबांच्या दोन खुर्च्या, आत्याबाई आली की तिच्यासाठी पलंग, आणि त्या ढिगाच्या पायथ्याशी मी आणि माझी मोठी बहीण नलूताई अशा आमच्या दोघींच्या गोधड्या. थंडीत तिथं ऊब असायची. अंगाला खाज सुटायची, रात्रभर खाजवून पायावर ओरखडे उठायचे, पण कापसाच्या घरात खाज असतेच, त्याचं कोणी काही मनावर घेत नव्हतं. आता कोणी मला विचारलं की लहानपणीची तुमची सगळ्यात सुखाची जागा कोणती, तर मी तीच सांगेन. आणि सांगताना माझ्या अंगावर काटा येईल, हेही खरं.

घर जिनिंगच्या मागच्या गल्लीत होतं. सकाळी भोंगा वाजला की माय चूल पेटवायची. सरपण म्हणजे पऱ्हाट्या, कापसाची वाळलेली झाडं. त्या धडाधडा पेटतात आणि धूरही तसाच करतात. जिनिंगचे रेचे, म्हणजे सरकी वेगळी करायची यंत्रं, सुरू झाले की गल्लीत बोलताना आवाज चढवावा लागे. रुईचे पुंजके तारांवर, तुळशीवर, वाळत घातलेल्या साड्यांवर येऊन बसायचे. माय पापड वाळत घालायची आणि त्यांवरची रुई वेचत बसायची, आणि वेचता वेचता जिनिंगवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. तुरीचे हिरवे दाणे निघाले की त्यांची आमटी, ज्वारीची भाकर, ठेचा. कढीगोळे केले तर मी चार चार गोळे खायची. नलूताईला कढी नव्हती. दही, केळ, जांब म्हणजे पेरू, सगळं बंद. थंड असतं म्हणे. मीठ लावलेला जांब मी तिच्यासमोर कचाकचा खायची आणि ती माझ्याकडं बघून म्हणायची, खा बाप्पा, तू दोघींचा खा. मी खरंच दोघींचा खायची, इतकी मी निर्लज्ज होते.

नलूताईच्या छातीत शिटी वाजायची. झोपेत कूस बदलली की बारीक, लांबट आवाज यायचा, दूर कुठंतरी चहाची किटली उकळावी तसा. मला त्या आवाजाची इतकी सवय होती की शाळेच्या सहलीला मी बाहेरगावी झोपले तेव्हा झोपच लागेना. या शिटीला आमच्या घरात नाव नव्हतं. माय तिला सर्दी म्हणायची. वर्षातले आठ महिने जी असते तिला सर्दी म्हणत नाहीत, हे मला तेव्हाही कळत होतं, पण दमा हा शब्द घरात उच्चारायचा नाही, हेही कळत होतं. तो शब्द फक्त आत्याबाई उच्चारायची. आत्याबाई म्हणजे बाबांची मोठी बहीण, दर्यापूरची. तिच्या नवऱ्यापेक्षा तिच्या भावाचं घर तिच्या जास्त धाकात होतं. ती पलंगावर बसून पानाला चुना लावत शांतपणे सांगायची की आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कोणाला दमा नाही, हे बाहेरून आलेलं आहे. बाहेरून म्हणजे माझ्या मायच्या माहेराहून, अमरावतीहून. माय चुलीकडून उत्तर द्यायची की माझ्या माहेरी सगळे ठणठणीत आहेत, ही अकोटची हवाच खराब, जिनिंगचा कचरा पोरीच्या छातीत जाऊन राहिला. रक्त की हवा, हवा की रक्त. आमच्या घरात हे भांडण भाकरीइतकं रोजचं होतं. आणि ज्या बैठकीत ते चालायचं तिथं मागे छतापर्यंत कापूस उभा असायचा. त्याच्याकडं दोघींनीही कधी बोट दाखवलं नाही.

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी नलूताईला फार झालं, तेव्हा बाबा तिला अकोल्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या दिल्या आणि तोंडात फवारायचा एक लहानसा पंप दिला. दम लागला की हा घ्यायचा, लाजायचं नाही, असं त्यांनी तिला बजावलं होतं. ताईनं मला ते घरी येऊन त्यांच्याच आवाजात करून दाखवलं. मायनं मात्र तो पंप हातात घेतला आणि तिचा चेहरा पडला. पंप म्हणजे शेवटचं औषध, त्याची सवय लागली की सुटत नाही, असं तिनं कुठं ऐकलं होतं कोण जाणे. शिवाय ताई एकोणिसाची झाली होती आणि आत्याबाईनं दर्यापूरचं एक स्थळ आणलं होतं. मुलगा शाळेत मास्तर, घरची जमीन, एकुलता एक. पंप घरात कोणाच्या नजरेला पडला असता तर ते स्थळ उंबऱ्यातूनच परतलं असतं. मायनं पंप तुरीच्या डाळीच्या डब्यात, डाळीच्या आत, खोल पुरून ठेवला. कुठं ठेवला हे तिनं फक्त मला सांगितलं, कारण डबा वरच्या फळीवर होता आणि आम्हा बायकांत मीच उंच होते. मी ते त्याच रात्री ताईला सांगून टाकलं.

मग कोजागिरी आली. आमच्याकडं कोजागिरीला दम्याचं औषध देतात. चांदण्यात ठेवलेल्या तांदळाच्या खिरीत वैद्य कसली तरी पूड घालतो, दमेकऱ्यांनी रात्र जागून काढायची आणि उजाडताना ती खीर खायची. अकोटलाही कोणी देत असे, पण तिथं रांगेत बसणं म्हणजे गावाला दवंडी देणं. म्हणून मायनं मामाकडं जायचं निमित्त काढलं आणि आम्हाला दोघींना घेऊन ती दर्यापूरमार्गे अमरावतीच्या एस.टी.त बसली. दर्यापूरच्या थांब्यावर आत्याबाई दिसेल म्हणून तिनं पदर पार नाकापर्यंत ओढून घेतला होता. मला हसू येत होतं. अमरावतीला एका शाळेच्या मैदानावर सतरंज्या अंथरलेल्या होत्या आणि त्यांवर माणसंच माणसं, म्हातारी, तरणी, कडेवरची लेकरं, सगळी चुपचाप बसलेली. इतक्या छात्यांची शिटी मी एकत्र कधी ऐकली नव्हती. पहाटे द्रोण वाटायला सुरुवात झाली. नलूताईनं द्रोण पुढं केला. आम्हाला मैदानावर घेऊन आलेला मामा तिच्या शेजारी बसला होता, त्यानंही केला. आणि मग माझ्या मायनं, जिच्या माहेरी सगळे ठणठणीत होते तिनं, पदराखालून हात काढला आणि आपलाही द्रोण पुढं केला.

मी तिच्याकडं बघतच राहिले. थंडीत पहाटे उठून चुलीपुढं तिचं ते खोकणं, जिना चढताना मधेच थांबून साडीच्या निऱ्या नीट करणं, सगळं एकदम माझ्या लक्षात आलं. मामा खाली मान घालून हळू बोलला.

"आता तरी सांग व घरी. आपल्या बाबाले होता, मले हाय, तुले हाय. पोरीनं कोणाचं काय घेतलं?"

"नलीचं लग्न होऊ दे," माय म्हणाली. "मंग सांगीन सगळ्यायले."

येताना एस.टी.त तिनं आम्हाला दोघींना शपथ घातली. घरी आल्यावर तिनं अकोल्याच्या गोळ्याही बंद केल्या. गोळ्या बंद करा असं वैद्य म्हणाल्याचं मला अजिबात आठवत नाही, त्यांच्या नावावर मी ते खपवणार नाही. ते मायनंच ठरवलं. खीर लागू पडली असं तिला मनापासून वाटत होतं, कारण ते तसं वाटणं तिला हवं होतं. आणि खरंच आठ-दहा दिवस ताईला बरं होतं. पाऊस सरला होता, हवा कोरडी होती आणि बैठक अजून रिकामी होती. हे आज मी सांगते आहे. तेव्हा मी पण खिरीलाच हात जोडले.

नंतर शेतात सीतादही झालं. पहिल्या वेचणीच्या आधी पऱ्हाटीची पूजा करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, ते. ताईनं हळदकुंकू वाहिलं, तिला आवडायचं ते. आणि दुसऱ्या दिवसापासून कापूस घरात यायला लागला. त्या साली पीक धो धो आलं होतं. तिसऱ्या दिवशी ताई दम लागून रात्री उठून बसली, उशी मांडीवर घेऊन, पुढं वाकून. चौथ्या दिवशीही. मायनं एकदाच बाबांजवळ विषय काढला की या खेपेला कापूस गोठ्याशेजारच्या खोलीत टाकू, पोरीला त्रास होतो. बाबा वाईट माणूस नव्हते. पण पंधरवड्यात दर्यापूरचे पाहुणे येणार होते. ते म्हणाले, "पाहुणे येऊन राहिले. घर भरलेलं दिसलं पाह्यजे." माय यावर बोलू शकली असती. पण जोर लावला असता तर काहून एवढा जोर, हे सांगावं लागलं असतं, आणि घरात आत्याबाई येऊन बसलेली होती. माय गप्प बसली. मला तिचा फार राग येतो अजून. आणि तिची कीवही येते, दोन्ही एकदम.

पाहुणे आले त्या दिवशी बैठक सारवून, धूप फिरवून तयार केली होती. मागे पांढरा शुभ्र ढीग, त्याच्यापुढं सतरंजी. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक काका. मुलगा चांगला होता, लाजाळू, सारखा घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करत होता. नलूताई पोह्यांच्या बशा घेऊन आली आणि ढिगाकडं पाठ करून बसली. तिनं माझी मोरपंखी साडी नेसली होती. माझी म्हणजे पुढं मला मिळणार होती ती. नाव काय, नली. शिकली किती, मॅट्रिक. विणकाम येते काय, येते. सगळी उत्तरं एका शब्दाची. मला माहीत होतं का ते. दुसरा शब्द बोलायला तिच्याजवळ हवाच नव्हती. मुलाची आई मात्र खूश झाली. आत्याबाईकडं वळून म्हणाली की पोरगी कमी बोलते, आजकाल अशा पोरी कुठं मिळतात. आणि मग अगदी सहज, रीतीचं म्हणून तिनं विचारलं, काही दुखणंबिखणं?

"आमच्या घरात कोणाले शिंक नाही येत," आत्याबाई म्हणाली.

तेवढ्यात मुलाचे वडील उठले. शेतकरी माणूस, समोर एवढा कापूस, त्यांना राहवेना. ते ताईच्या मागं गेले, ढिगातून दोन्ही हातांनी कापूस उपसला, धागा ओढून लांबी पाहिली, परत उपसला. बाबांच्या तोंडावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. वरचा थोडा कापूस घसरून खाली आला. खिडकीतून उन्हाची तिरीप येत होती, तिच्यात धूळ नुसती भिरभिरत होती, आणि तिच्याखाली माझी बहीण बसली होती. तिनं मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. मी दारात, माय माझ्या शेजारी. मग तिनं माझ्या मागं पाहिलं, सैपाकघराच्या फळीकडं. मला कळलं. मी निघाले तोच मायनं माझं मनगट धरलं. पाहुण्यांसमोर मधून उठून जायचं नाही, असं तिनं सकाळीच बजावलं होतं. मी तिचा हात सोडवून जाऊ शकले असते, माझ्यात ताकद तिच्यापेक्षा जास्त होती. मी गेले नाही. मलाही ते लग्न व्हायला हवं होतं. ताई दर्यापूरला गेली तर ती मोरपंखी साडी मला मिळणार होती, असाही विचार त्या वेळी माझ्या डोक्यात होता. लिहिते ते खरं लिहिते.

त्यांनी आणखी एकदा चहा घेतला. मग पसंती सांगितली, पेढा तोंडात घातला, आणि माय-बाबा-आत्याबाई त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेले. मी फळीकडं धावले. डबा खाली घेतला तो उलटा झाला, सगळ्या घरात डाळ. पंप सापडला तेव्हा ताईचे ओठ जांभळे झाले होते. मी तो तिच्या तोंडात धरून दाबला, दोनदा, तीनदा, पण औषध आत ओढायला जो श्वास लागतो तोच तिच्याजवळ उरला नव्हता. पांढरा धूर तिच्या ओठांवरून तसाच बाहेर आला. गल्लीतल्या एकाची जीप होती. मागच्या बाकावर मायच्या मांडीवर ताईचं डोकं, माझ्या मांडीवर पाय. अकोल्याच्या रस्त्यानं सगळा वेळ ती शिटी ऐकू येत होती, इंजिनाच्या आवाजातही. पूर्णेच्या पुलाच्या अलीकडं ती बारीक झाली, आणि मग थांबली. मला वाटलं आराम पडला. मायलाही तसंच वाटलं.

"निजली," माय म्हणाली. आणि पुढं बाबांना म्हणाली की आता जीप सावकाश घ्यायला सांगा, पोरीला धक्के बसून राहिले.

आम्ही उरलेला रस्ता सावकाश गेलो.

दुसऱ्या दिवशी बाबांनी बैठकीतला सगळा कापूस गाड्यांत भरून बाजारात नेला आणि भाव न विचारता टाकून आले. त्या घरात परत कापूस भरला नाही. पण भांडण संपलं, असं समजू नका. उलट आत्याबाई आणि माय आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूला झाल्या. ताई तापानं गेली असं सांगायचं त्यांनी ठरवलं, कारण आता मी होते लग्नाची. ते खोटं माझ्यासाठी बोललं गेलं आणि मी ते हुंड्यासारखं घेऊन अकोल्याच्या जुन्या शहरात सासरी आले. तिशीत माझीही छाती थंडीत वाजायला लागली. मी यांना सर्दी म्हणून सांगितलं. शाळेत शिकवायची, फळ्याचा खडू उडायचा, म्हणून तेही खपलं. पुढं पंप लागला तो मी पर्समध्ये रुमालात गुंडाळून ठेवायची. हे गेले, त्यांनाही शेवटपर्यंत माहीत नव्हतं. मायला मी नावं ठेवते खरी.

मागच्या दिवाळीनंतर अमरावतीला मुलाकडं होते. माझी नात इरा साडेचार वर्षांची. महिनाभर खोकत होती, आणि एका रात्री मी तिच्याजवळ झोपले असताना मला ती किटली ऐकू आली. मी उठून बसले. सकाळी सून प्राजक्ता तिला डॉक्टरकडं घेऊन निघाली तशी मी पण गेले, मुलगाही आला. डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला साध्या. त्यांनी विचारलं, घरात कुणाला दमा, ॲलर्जी, कायमची सर्दी, अंगावर खाज? मुलगा लगेच म्हणाला की नाही, आमच्याकडं कुणालाच नाही. थेट आत्याबाईचा ठसका होता त्याच्या बोलण्यात, आणि त्यानं तर तिला पाहिलंही नव्हतं. मी पर्स उघडली, रुमाल सोडला आणि पंप टेबलावर ठेवला.

"हाय," मी म्हणाले. "माह्या आजोबाले होता, मायले होता. बहीण त्यानंच गेली, तापानं नाही. आणि मले हाय."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. मग त्यांनी घरातलं विचारलं, धूर, ओल, मांजर, अंथरूण. म्हणाल्या की आजी, हे एकट्या रक्तातून येत नाही आणि एकट्या हवेतूनही येत नाही. बी घरातून येतं, पण जमीन आणि पाणी मिळालं तरच ते उगवतं, आणि कधी कधी घरात कुणाला नसूनही होतं. म्हणून कुणाला दोष द्यायचा नाही. हे सांगायला त्यांना दोन मिनिटं लागली. आमच्या बैठकीत ते भांडण वर्षानुवर्षं चाललं होतं. मी म्हटलं, बाई, जमीनही मीच दिली. बारशाला मी अकोटहून घरच्या कापसाची, हातानं पिंजलेली गादी करून आणली होती. साडेचार वर्षं ती पोरगी तिच्यावर झोपत होती. मऊ असते, ऊब असते, असं मीच म्हणाले होते.

घरी येईपर्यंत प्राजक्ता माझ्याशी बोलली नाही. तिचा हक्क होता तो. घरी आल्यावर तिनं इराला पंप दिला, नळकांड्याला लावून, सावकाश, दहा आकडे मोजत. मी ती गादी ओढून बाहेर गच्चीत नेली. दुपारी इरा प्राजक्ताच्या पलंगावर झोपली आणि मी शेजारी बसले. शिटी वाजत होती. मग बारीक झाली. मग थांबली. औषध लागू पडलं म्हणून थांबली, एवढी अक्कल मला आहे, मी शिकलेली बाई आहे. पण मी तिचे खांदे धरून तिला गदागदा हलवलं, इरा, ऊठ, बोल माह्याशी, ऊठ. प्राजक्ता धावत आली. इरानं डोळे उघडले आणि माझ्यावर भडकली.

"आजी, तू काहून उठवून राहिली मले, मी किती छान झोपली होती ना!"

एवढं लांब वाक्य. ते तिनं एका श्वासात म्हटलं.